घरीं जाण्याची परवानगी

मूल आजारी पडलें कीं आई उशाशीं बसते, ही आपल्याकडे सांगण्याजोगी गोष्टच नव्हे. परंतु अमेरिकेसारख्या धनाढ्य देशांत एका आईला आपली मुलगी घरीं नेण्यासाठीं सरकारशीं झगडावें लागलें, तो इतिहास मी आज सांगणार आहें.

आयोवा संस्थानांतील केटी बेकेट ही मुलगी १९७८ सालीं जन्मली. अवघ्या पांच महिन्यांची असतांना तिला मेंदूचा दाह झाला, अंग लुळें पडलें आणि श्वासासाठीं यंत्र लागलें. विम्याची रक्कम संपल्यावर 'मेडिकेड' ही सरकारी मदत मिळूं लागली. पण मूल रुग्णालयांत असेल तरच! घरीं नेलें कीं आईबापांचें उत्पन्न हिशेबांत धरलें जाई आणि मदत थांबे. डॉक्टर म्हणत, घरीं न्या. नियम म्हणे, नेऊं नका. आई ज्यूली ही शिक्षिका, म्हणजे माझ्याच पेशांतली. तिनें चिकाटी सोडली नाहीं.

१० नोव्हेंबर १९८१ रोजीं अध्यक्ष रेगन यांनीं वार्ताहरांपुढें हें प्रकरण काढलें. रुग्णालयासाठीं सरकार दरमहा ६,००० डॉलर मोजतें, आणि घरचा एकषष्ठांश खर्च मात्र देत नाहीं, असा त्यांचा आक्षेप होता. चौथीच्या मुलानेंही हा हिशेब तोंडीं सोडविला असता! नाताळापूर्वींच केटी घरीं आली. १९८२ च्या कायद्यानें इतर मुलांनाही अशी सवलत देण्याची मुभा संस्थानांना मिळाली.

यांत काटकसरीचा वांटा मोठा होता, हें नाकारतां येत नाहीं. पण पैसा घरीं पोंचला म्हणजे झालें असें नव्हे. रात्रीं यंत्राजवळ कोणी बसावें, मुलानें शाळेंत कसें जावें, हें ठरवितांना आईबापांचा शब्द कोण विचारतो? रुग्णालयांत तर ते केवळ भेटीस आलेले पाहुणे! १९८७ सालीं सर्जन जनरल कूप यांनीं अशा मुलांची सेवा कुटुंबकेंद्रित असावी, असा अहवाल दिला. १९८९ सालीं तें तत्त्व कायद्यांत आलें. ज्यूलीनें १९९२ सालीं इतर पालकांसह 'फॅमिली व्हॉइसेस' ही संस्था काढली.

केटी २००१ सालीं पदवीधर झाली. जिला इतक्या सायासानें घरीं आणलें, त्या मुलीनें पुढें आईपासून वेगळें असें स्वतःचें बिऱ्हाड थाटलें. १८ मे २०१२ रोजीं, वयाच्या ३४ व्या वर्षीं, ती निवर्तली.