कॅमेरा साडेसातशेचा, कर्ज दहा हजारांचं

७ जुलै १८९६ ही तारीख क्विझवाल्यांना पाठ असते. त्या दिवशी काळाघोड्याच्या वॉटसन्स हॉटेलात एक रुपया तिकीट लावून ल्युमिए बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली आणि हिंदुस्थानात सिनेमा आला. प्रेक्षकांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर नावाचा एक फोटोग्राफर होता. वय २८. मुंबई त्याला सावेदादा म्हणून ओळखायची. बाकीच्यांनी पडद्यावर स्टेशनात शिरणारी आगगाडी पाहिली. सावेदादांना मात्र ती दाखवणारं यंत्र हवंसं वाटलं, आणि त्यांनी लंडनहून रायली कंपनीचा कॅमेरा मागवला. किंमत २१ गिनी.

गिनी म्हणजे २१ शिलिंग. म्हणजे २२ पौंड १ शिलिंग. तेव्हाच्या विनिमय दराने साडेतीनशे रुपयांच्या आतबाहेर.

हा हिशेब मी करत बसलो, कारण त्या आठवड्यात मी दुसरं काहीच करत नव्हतो. कंपनी तीन महिन्यांसाठी नेदरलँड्सला पाठवणार आहे, पहिलाच परदेश प्रवास आहे आणि कॅमेरा घ्यायचा आहे. बजेट चाळीस हजार. वजन शक्य तितकं कमी, कारण केबिन बॅगेच्या सात किलोंपैकी अडीच किलो ऑफिसचा लॅपटॉप आणि चार्जरच खातात. मी एक्सेल शीट केली. (आमच्या व्यवसायात लग्नसुद्धा एक्सेल शीटवर ठरतं.) दोन कॉलम महत्त्वाचे होते, किंमत आणि ग्रॅम. आणि मग, जसं होतं तसं, रात्री दीड वाजता मी मिररलेस कॅमेऱ्यांऐवजी १८९६ सालचे कॅमेरे शोधत होतो. तिथेही मला तेच दोन कॉलम दिसले.

कारण सिनेमाच्या जन्माच्या वेळी अगदी हाच प्रश्न होता. एडिसनचा कॅमेरा आधी तयार झाला होता, पण तो विजेच्या मोटरवर चालणारा अवजड प्रकार होता. तो जागचा हलायचा नाही, माणसांनी त्याच्यासमोर येऊन नाचायचं. ल्युमिएंचा सिनेमॅटोग्राफ हाताने फिरवायचा होता, वजन जेमतेम पाच किलो, आणि तीच पेटी चित्रण करायची, प्रत काढायची आणि पडद्यावर दाखवायचीही. म्हणून तर एक माणूस ती घेऊन बोटीत बसला आणि ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर मुंबईत उतरला. यंत्र हलकं नसतं तर ती तारीख आपल्याला पाठ करावीच लागली नसती.

फक्त एक अडचण होती. ल्युमिए तेव्हा आपलं यंत्र विकत नव्हते. यंत्र आणि ते चालवणारा माणूस अशी जोडीच जगभर पाठवायचे. सावेदादांना त्यामुळे 'बेस्ट' कॅमेरा मिळणार नव्हताच, त्यांना मिळेल तो हवा होता. रायली ही मूळची ब्रॅडफर्डची, जादूचे कंदील विकणारी कंपनी. आजच्या भाषेत बजेट ब्रँड म्हणायला हरकत नाही.

कॅमेरा आला. १८९९ साली सावेदादांनी हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या दोन पैलवानांची कुस्ती लावली आणि ती चित्रित केली. हिंदुस्थानी माणसाने हिंदुस्थानात केलेल्या अगदी पहिल्या चित्रणांपैकी हे एक. पण चित्रण झालं म्हणजे फिल्म झाली असं नव्हतं. ती धुण्याची सोय इथे नसल्यामुळे रीळ बोटीने इंग्लंडला गेलं. तिथे धुऊन परत आल्यावर दादांना कळलं असणार की कुस्ती उमटली आहे की नाही. मधल्या काळात त्यांनी प्रोजेक्टर मिळवला आणि विलायती फिल्म्सचे खेळ लावत राहिले.

इथे मी शीट बंद केली आणि जरा विचार केला. २१ गिनी ही कॅमेऱ्याची किंमत होती. प्रत्येक रिळामागचं बोटीचं भाडं, धुलाईचा खर्च, वाट पाहण्याचे आठवडे आणि 'फोकस चुकला' हे समुद्रापलीकडून कळण्याची शक्यता, यातलं काहीच कॅटलॉगात नव्हतं. अशा कॅमेऱ्यावर तुम्ही काय चित्रित कराल? जे एका जागी, भर उन्हात, एकदाच आणि नक्की घडणार आहे ते. सावेदादांच्या फिल्म्सची यादी पाहा. कुस्ती. माकडाला शिकवणारा माणूस. डिसेंबर १९०१मध्ये केंब्रिजहून सीनिअर रँग्लर होऊन परतलेल्या रघुनाथ परांजप्यांचं मुंबईतलं स्वागत. १९०३चा दिल्ली दरबार. परांजप्यांची फिल्म मला या सगळ्यांत आवडते (न पाहताच, कारण यातलं काही शिल्लक नाही). दापोलीजवळच्या मुर्डीचा पोरगा विलायतेहून परत येतो आणि विलायतेहून आलेला कॅमेरा त्याला टिपतो! एअरपोर्टवर हार घेऊन येणाऱ्या आणि मोबाईल धरून उभ्या राहणाऱ्या काकांची परंपरा इतकी जुनी आहे.

पण गोष्ट सांगायची, दहा वेळा चुकायचं, पुन्हा घ्यायचं, हे या व्यवस्थेत शक्य नव्हतं. सावेदादा पुढे चित्रणातून बाहेर पडले, गेइटी थिएटर सांभाळू लागले. त्यांचं यंत्र करंदीकर, पाटणकर आणि दिवेकर या मंडळींकडे गेलं.

आता दादासाहेब फाळके. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' बहुतेकांनी पाहिला आहे, त्यामुळे ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून झपाटलेले फाळके, सिनेमे पाहून पाहून गेलेली आणि परत आलेली दृष्टी हे सगळं मी पुन्हा सांगत नाही. त्या चित्रपटात ते भोळेभाबडे वेडे पीर वाटतात. मला ते तसे अजिबात वाटत नाहीत. मला ते उत्तम प्रोक्युअरमेंट इंजिनिअर वाटतात.

त्यांचं आधीचं आयुष्य बघा. जे. जे.मध्ये चित्रकला, बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी, गोध्र्याला फोटो स्टुडिओ, पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग दादरला लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स. छपाईची यंत्रं आणायला १९०९मध्ये ते जर्मनीला जाऊन आले होते. परदेशी यंत्र इथे आणून उभं करणं म्हणजे काय, शाई संपली, सुटा भाग तुटला की काय होतं, हे या माणसाला अनुभवाने ठाऊक होतं.

१ फेब्रुवारी १९१२ला ते लंडनला निघाले. पैसा कुठला? बारा हजारांच्या विमा पॉलिसी गहाण ठेवून दहा हजार रुपये कर्ज. वय ४१, घरी बायको आणि मुलं, आणि कर्त्या पुरुषाचा विमा गहाण. वाचताना याचं काही वाटत नाही. तुमच्या वडिलांनी तुम्ही शाळेत असताना हे केलं असतं तर घरात काय झालं असतं, एवढीच कल्पना करा.

लंडनमध्ये 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या कचेरीत जाऊन ते संपादक कॅबर्न यांना भेटले. या धंद्यात पडू नका, असंच त्यांनी आधी सांगितलं. इंग्लंडमध्येच किती जण बुडाले आहेत आणि हिंदुस्थानची हवा तर वेगळीच. मग गडी ऐकत नाही म्हटल्यावर त्यांनी सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी गाठ घालून दिली. वॉल्टनचा त्याचा स्टुडिओ फाळक्यांनी खात्यामागून खातं फिरून पाहिला. एकूण मुक्काम दोन आठवडे. खरेदी अशी: विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, ५० पौंड. कोडॅकच्या कच्च्या फिल्मची ऑर्डर. आणि परफोरेटर.

पौंडाला १५ रुपये धरले तर कॅमेरा साडेसातशेचा होतो. दहा हजार कर्जातले साडेसात टक्के! विमा गहाण टाकून एवढा समुद्र ओलांडलेल्या माणसाला दुकानात किती मोह झाला असेल याची मला थोडी कल्पना आहे, कारण चाळीस हजारांचं बजेट पंचावन्नवर न्यायला मला घरबसल्या एक रात्र पुरली होती. फाळक्यांनी कॅमेऱ्यावर थोडके पैसे घातले आणि बाकीचे कॅमेऱ्यानंतरच्या गोष्टींसाठी राखले.

परफोरेटर म्हणजे काय ते सांगतो. फिल्मच्या दोन्ही कडांना चौकोनी भोकं असतात, ज्यांत कॅमेऱ्याचे दात अडकून फिल्म पुढे सरकते. कच्ची फिल्म तेव्हा बिनभोकांचीही मिळायची. भोकं तुमची तुम्ही पाडायची. परफोरेटर हे भोकं पाडायचं यंत्र. कंटाळवाणं, कुणी फोटो काढून भिंतीवर लावणार नाही असं. पण ते घरी असलं, धुण्याची आणि प्रत काढायची सोय घरी असली, की फिल्म समुद्रापार पाठवायची गरज उरत नाही. सावेदादांचे कित्येक आठवडे फाळक्यांनी एका रात्रीवर आणले. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याला फीडबॅक लूप छोटा करणं म्हणतो आणि त्यासाठी महागडी टूल्स घेतो.

कॅमेरा विकत न घेता घरीच बनवणं हाही एक पर्याय असतो, आणि तोही मराठी माणसाने करून पाहिला आहे. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने १९१८च्या सुमारास स्वतःचा कॅमेरा तयार केला आणि त्यावर काढलेला 'सैरंध्री' १९२०मध्ये पुण्यात झळकला. त्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा. इथे फाळक्यांकडे परत जाऊ.

१ एप्रिल १९१२ला ते परतले. यंत्रं मागाहून, मे महिन्यात आली. सोबतच्या कागदांवरून त्यांनी ती जोडली आणि चाचणी म्हणून काय केलं? कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभर एकेक फ्रेम घेत राहिले. मिनिटभराची फिल्म झाली, 'अंकुराची वाढ'. आपण याला टाइमलॅप्स म्हणतो. नट नको, सेट नको, फिल्म जवळजवळ लागत नाही, आणि सावकाराला मात्र यंत्र चालतं हे कळतं. यापेक्षा स्वस्त डेमो मी आजवर पाहिलेला नाही.

प्रकाशाचंही तसंच. तेव्हाची फिल्म फार मंद, तिला भरपूर ऊन लागायचं. मी फोनचा नाइट मोड तपासायला आमच्या जोगेश्वरीच्या लेण्यात गेलो होतो. पायऱ्या उतरून आत गेलं की भर दुपारी खांबांच्या मागे काळोख असतो. फोनने देवीच्या गाभाऱ्यापर्यंतचं सगळं नीट काढलं. फाळक्यांच्या कॅमेऱ्याला तिथे काही दिसलं नसतं. म्हणून हरिश्चंद्राचा राजवाडासुद्धा दादरच्या बंगल्याच्या आवारात, उघड्या उन्हात उभा राहिला. सावल्या उजळायला पांढऱ्या चादरी धरल्या जायच्या. आज रिफ्लेक्टर म्हणतात तेच.

आणि चादरी धरून उन्हात तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या होत्या सरस्वतीबाई. फाळक्यांच्या पत्नी. मी वाचत गेलो तसं लक्षात आलं की माझ्या शीटमधले सगळे लपलेले खर्च याच एका नावापाशी येऊन थांबतात. परफोरेटर चालवायला फाळक्यांनी त्यांना शिकवलं. अंधाऱ्या खोलीत बसून फिल्मला भोकं पाडायची, रसायनं कालवायची, फिल्म धुवायची. दिवसा चादरी. शिवाय कंपनीतल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. पैसे कमी पडले तेव्हा दागिनेही त्यांचेच गेले. कॅमेरा चालवणारे त्र्यंबक तेलंग, त्यांना कॅमेरा फाळक्यांनी शिकवला, हे नाव नोंदीत पक्कं आहे. भोकं पाडणाऱ्या बाईंचं नाव कळायला मला दहा लेख चाळावे लागले.

म्हणून हा हिशेबही करून टाकतो. 'राजा हरिश्चंद्र' ३७०० फूट लांबीचा होता. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटाला एका कडेला ६४ भोकं, दोन्ही कडांना मिळून १२८. म्हणजे चार लाख त्र्याहत्तर हजार सहाशे. ही एका प्रतीची. निगेटिव्ह धरली की दुप्पट, साडेनऊ लाखांच्या घरात. वाया गेलेले शॉट्स यात धरलेले नाहीत. यंत्राच्या एका फटक्यात एकाहून जास्त भोकं पडत असतील, पण अंधारात फिल्म भरणं, चाचपून सरळ धरणं, गुंडाळणं हे हातानेच. एक भोक जरा सरकलं तर पडद्यावर राजा थरथरतो.

चित्रण ६ महिने २७ दिवस चाललं. ३ मे १९१३ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये खेळ लागला. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, शेवटी ग्रँट रोडच्या हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले, हा किस्सा सगळ्यांना माहीत असतो. त्याआधी फाळक्यांनी ही भूमिका सरस्वतीबाईंनी करावी असं सुचवलं होतं. त्या नाही म्हणाल्या. हातात आधीच इतकी कामं होती.