जुने दार ठेवावे की बुजवावे?

लोणारच्या टपालपेटीत टाकलेले कार्ड वाटेत कुणीही वाचावे. पाकिटाचे तसे नाही. संगणकांच्या जाळ्यातले असेच कार्ड म्हणजे टेलनेट. १९६९ साली अमेरिकेत निघालेले हे साधन दूरच्या यंत्रावर काम करू देई, पण संकेतशब्द उघडाच पाठवी. १५ ऑगस्ट १९९५ ला मुंबईसह चार शहरांत लोकांना इंटरनेट मिळाले. स्वस्त खात्यात चित्रे नसत, नुसती अक्षरे. कामाची रीत तीच, दुरून दुसऱ्याच्या यंत्रावर बसण्याची. त्याच वर्षी हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात संकेतशब्द चोरीला गेले, तेव्हा तातू युलोनेन यांनी बंद पाकीट बनवले: एसएसएच.

मग टेलनेट टाकून द्यावे? २००७ च्या विंडोज व्हिस्टात ते आपोआप बसेना, मागाल तर मिळे. ॲपलने २०१७ मध्ये काढूनच टाकले. मला पहिली रीत पटते. टेलनेटचे भाग दोन. एक परक्याला आपले दार उघडतो. तो, गुरुजी, खुशाल काढा. दुसरा पलीकडचे दार नुसते वाजवून बघतो. पलीकडचे यंत्र जागे आहे की नाही, हे तो चटकन सांगतो. शिवाय कित्येक जुन्या यंत्रांना एसएसएचची भाषा कळतच नाही. त्यांच्याशी बोलायचे तर हेच एक साधन उरते.