‘तिलावा’ बोटीची जलसमाधी

शाळेत इतिहास शिकविताना नेताजी सुभाषचंद्रांच्या पाणबुडीतील प्रवासाची गोष्ट आम्ही दरवर्षी मोठ्या उत्साहाने सांगत असू. एप्रिल १९४३ मध्ये मादागास्करजवळ जर्मन पाणबुडीतून उतरून नेताजी जपानच्या ‘आय-२९’ या पाणबुडीत चढले, तो प्रसंग ऐकताना विद्यार्थी तल्लीन होत. परंतु त्याच पाणबुडीने अवघ्या पाच महिन्यांपूर्वी काय केले होते, हे निवृत्तीनंतर वाचनात येईपर्यंत आम्हांसही ठाऊक नव्हते.

ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची ‘तिलावा’ ही बोट २० नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून मोंबासा व दरबानकडे निघाली. तिच्यावर ७३२ उतारू, २२२ खलाशी व नोकरवर्ग आणि ४ गोलंदाज, अशी ९५८ माणसे होती. उतारू बहुतांशी हिंदी. कोणी व्यापारासाठी, कोणी आप्तांकडे निघालेले. बोटीच्या पोटात दक्षिण आफ्रिकेच्या टांकसाळीसाठी नेलेल्या चांदीच्या २,३६४ लगडी होत्या.

२३ तारखेस, सूर्योदयापूर्वीच्या काळोखात, सेशेल्स बेटांच्या ईशान्येस भर समुद्रात ‘आय-२९’चा पाणतीर बोटीवर आदळला. एकच हलकल्लोळ उडाला. माणसे जीवरक्षक होड्यांकडे धावली. थोड्या अवधीने दुसरा पाणतीर सुटला आणि ‘तिलावा’ने तळ गाठला. २८० जीव गेले. उरलेल्या ६७८ जणांस ‘बर्मिंगहॅम’ ही युद्धनौका व ‘कार्थेज’ ही बोट यांनी वाचविले.

ती चांदी २०१७ साली समुद्रतळातून वर काढण्यात आली. तिच्यावरील वाद ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२४ साली त्याचा निकाल लागला. लगडीन् लगड मोजली गेली. बुडालेल्या माणसांची आठवण मात्र बहुतांशी त्यांच्या घरांपुरतीच राहिली.

यामुळे नेताजींच्या साहसाचे मोल तिळभरही उणे होत नाही. तथापि, ज्या पाणबुडीने एका देशभक्तास सुखरूप पोहोचविले, तिनेच आमच्या शेकडो निरपराध देशबांधवांस जलसमाधी दिली, ही दोन्ही सत्ये एकत्र सांगणे हेच खऱ्या शिक्षकाचे कर्तव्य होय. आम्ही आयुष्यभर अर्धाच धडा शिकविला, याची खंत वाटते.

म्हणून ज्ञातिबांधवांस विनंती की, परमुलखी वा समुद्रावर अंतरलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांची नावे घरच्या वहीत लिहून ठेवावीत. चांदीस वारस पुष्कळ मिळतात. स्मृतीस वारस आपणच व्हावयाचे असते.