पेटी, ऑर्गन आणि 'कॅसिओ' : झाडीपट्टीतल्या दुरुस्तीचा इतिहास



स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहायला सांगितले होते. आठवणी बाकीचे लिहितीलच. मी एका वस्तूचा इतिहास लिहितो. क्रीडासाहित्याच्या खोलीत, फाटक्या जाळीखाली, गेल्या उन्हाळ्यात आपला 'कॅसिओ' सापडला. स्नेहसंमेलनात ज्याच्यापुढे उभे राहायला आपण भांडायचो, तोच. त्यावर नाव दुसऱ्याच कंपनीचे आहे, पण जसे सगळेच वनस्पती तूप 'डालडा', तसा आपल्याकडे सगळाच कीबोर्ड 'कॅसिओ'.

त्याची गोष्ट पेटीपासून सुरू करावी लागते. पॅरिसच्या अलेक्झांडर दबॅं याने १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. ते वाद्य पायांनी भाता चालवायचे आणि खुर्चीवर बसून वाजवायचे होते. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हाताच्या भात्याची, जमिनीवर मांडी घालून वाजवता येणारी पेटी घडवली आणि ती देशभर पसरली. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले. त्यानंतरच्या संगीत नाटकांत पेटी आणि पुढे पायाचा ऑर्गन रंगमंचासमोर स्थिरावले. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, कारण काय, तर तिच्यात मींड निघत नाही आणि श्रुती बसत नाहीत. आपल्या गावांतल्या भजनी मंडळांना ही बंदी ठाऊकही नसावी. खंजिरीशेजारी पेटी होतीच.

ही पेटी आपल्या भागात एवढी वर्षे टिकली, कारण तिला दुरुस्त करणारा माणूस जवळपास सापडत असे. आत पितळेची पाती असतात, त्यांनाच आपण 'सूर' म्हणतो. पात्याचे टोक किंचित घासले की सूर चढतो, बुडाशी घासले की उतरतो. भात्याला भोक पडले तर चामड्याचा तुकडा आणि सरस लावायचा. चांद्याच्या उन्हाळ्यात लाकूड तडकते, पावसाळ्यात पट्ट्या फुगतात. दिवाळीला मंडई सुरू होण्यापूर्वी पेटीमास्तर स्वतःच सगळे उघडून बसत. बिघाड डोळ्यांना दिसायचा.

वाद्यात फेरफार करणेही आपल्याकडे नवे नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमेंट्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच बावीस श्रुतींची पेटी करून घेतली. आपल्या नागपुरात जन्मलेल्या पंडित मनोहर चिमोटे यांनी पेटीला स्वरमंडळाच्या तारा जोडल्या आणि तिला 'संवादिनी' म्हटले.

मग आला कीबोर्ड. जपानच्या काशिओ बंधूंची कंपनी गणकयंत्रे करायची. १९८० साली तिने 'कॅसिओटोन २०१' काढला. आपल्याकडे तो लगेच आला नाही. १९९१ पूर्वी आयातीवर इतके शुल्क होते की कुणाचा नातेवाईक आखातातून आला तरच अशी वस्तू दिसायची. वीज हा आणखी एक प्रश्न. चंद्रपूरचे औष्णिक केंद्र महाराष्ट्राला वीज देते आणि आपली नाटके जनरेटरवर चालतात, यावर आपण नववीत विनोद करायचो. अजूनही करतो.

तरी कीबोर्ड आला, आणि सगळ्यांत जास्त राबला तो झाडीपट्टीच्या रंगभूमीवर. नव्या पिढीसाठी सांगतो : दिवाळीनंतर मंडया आणि शंकरपट सुरू झाले की होळीपर्यंत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाच्या गावांत रात्रभर नाटके चालतात. कंपन्यांची कार्यालये वडशात. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्यांना या रंगभूमीचे नाव कळले. शहरी नाटकात गाणे आटले, पण इथे ते कायम राहिले, म्हणून वाद्येही राहिली.

विचार करा, हे यंत्र कुठे वाजत होते? मळणीची धूळ, पहाटेचे दव, रोज रात्री दुसऱ्या गावचा खडबडीत रस्ता आणि गचके देणारा जनरेटर. कीबोर्डच्या प्रत्येक पट्टीखाली रबराची टोपी असते आणि तिच्या आत काळ्या कार्बनची टिकली. पट्टी दाबली की टिकली खालच्या पाटीला टेकते. बोटाचा जोर ओळखणाऱ्या कीबोर्डमध्ये अशा दोन टिकल्या असतात. पहिली आणि दुसरी टेकण्यात किती वेळ गेला, यावरून यंत्र जोर मोजते. एका टिकलीवर धूळ बसली की तो सूर एकतर मुका होतो किंवा एकदम किंचाळतो. हळव्या प्रसंगात नायिका रडत असताना किंचाळणारा 'पंचम' मी ऐकला आहे.

दहावीनंतर मी ब्रह्मपुरीत रेडिओ-टेपरेकॉर्डरच्या दुकानात शिकाऊ होतो, तिथे हे काम हाती आले. टिकल्या स्पिरिटने पुसायच्या. कार्बन झिजला असेल तर पेन्सिलीचे शिसे घासायचे, तेही जमले नाही तर सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीचा गोल तुकडा चिकटवायचा. कोणत्याही पुस्तकात हे नव्हते. एका मोसमापुरते भागायचे, आणि आम्हाला मोसमापुरतेच हवे असायचे.

फेरफारही गरजेपोटी झाले. लहान कीबोर्डला ध्वनिक्षेपकाकडे जाणारी वाट नसे. आम्ही हेडफोनच्या जागेवरून तार काढली. जनरेटरचा भरवसा नाही म्हणून ट्रॅक्टरच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवरून, मध्ये रेग्युलेटर घालून, नऊ व्होल्ट घेतले. सगळ्यांत अवघड काम मात्र ऑर्गनशी जुळवून घेण्याचे. १९३९ साली लंडनच्या परिषदेत ४४० कंपनांचा जो सूर प्रमाण ठरला, त्याप्रमाणे कीबोर्ड जपानहून लागून यायचा. आपला म्हातारा ऑर्गन कुठल्याच परिषदेला गेला नव्हता. तो जिथे होता तिथेच गायक गात होते, म्हणून हटायचे ते कीबोर्डने. सूर सरकवायची चकती पुरेशी फिरली नाही, तर काही जुन्या यंत्रांत आतले घड्याळाचे मंडल हलवून सगळे सूर एकदम उतरवता येत.

पुढे वाचनात आले की अमेरिकेत रीड गझाला नावाचा माणूस अशीच यंत्रे उघडून मुद्दाम चुकीच्या जोडण्या करतो आणि विचित्र आवाज काढतो. १९८६ चा छोटा 'कॅसिओ एसके-१' त्या मंडळींचा लाडका. तो दीडेक सेकंदाचा आवाज टिपून घ्यायचा आणि पट्ट्यांवर वाजवायचा. यंत्राला आपण मुद्दाम रडवले नाही, ते आपल्याकडे फुकटच रडत होते.

आता एक कबुली. शिकाऊ असताना, गावच्या मंडईत, एका वादकाचा अ‍ॅडाप्टर हरवला. मी माझा दिला. नऊ व्होल्ट तोही, नऊ व्होल्ट हाही. पण काही कीबोर्डना पिनेच्या मध्यभागी ऋण लागते, काहींना धन, हे मला ठाऊक नव्हते. एक बारीक वास आला आणि यंत्र गेले. धान विकून घेतलेला कीबोर्ड होता तो. वादक एवढेच म्हणाला, "आता का करू गा?" पेटीमास्तर काही बोलले नाहीत, त्यांनी ऑर्गनवर पाय ठेवले आणि रात्र काढून दिली. नंतर उघडून पाहिले तर आतला संरक्षक डायोड जळाला होता, मुख्य आयसी वाचला होता. पाच रुपयांचा तुकडा, पण सीताबर्डीहून आणून तो नीट बसवेपर्यंत त्याच्या निम्म्या मोसमाची कमाई बुडाली. तेव्हापासून माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक कीबोर्डच्या पाठीवर खडूने अधिक-उणे लिहिलेले असते.

शाळेच्या कीबोर्डवरही ते सापडले. पुसट, पण माझेच अक्षर.

तो उघडायला मी आपल्याच वर्गातल्या, आता नागपुरात संगणकाचे काम करणाऱ्या मित्राला बोलावले. (नाव लिहिले तर रागावेल.) आमचे भांडण झाले. त्याचे म्हणणे, सांगाडा तेवढा ठेवू, आत नवे मंडल घालू. फोन जोडला की हवा तो ऑर्गन वाजेल, पाहुण्यांना फरक कळणार नाही. मी म्हणालो, फरक कळावा म्हणूनच तर बाहेर काढला. त्याचा मुद्दा चुकीचा नाही. आजच्या कीबोर्डमध्ये एकाच पाटीवर सगळे इतके बारीक बसवलेले असते की आपल्या हातून काही होत नाही, आणि या जुन्याचा मुख्य आयसी गेला तर तो कुठे मिळणार नाही. तरी आज तो जिवंत आहे. बॅटरीच्या खणातला हिरवा गंज व्हिनेगरने धुतला, फुगलेले तीन कपॅसिटर बदलले, ६१ टिकल्या पुसल्या. मुंग्यांचे घर होते, ते अंगणात हलवले. आता ५९ पट्ट्या बोलतात.

संमेलनाच्या दिवशी तो सभागृहात टेबलावर असेल, शेजारी शाळेची जुनी पेटी. संगीताच्या बाईंनी सुरुवात करावी अशी विनंती आहे. बाई, वरच्या सप्तकातला गंधार आणि त्याच्या पुढची पट्टी तेवढी टाळा. अ‍ॅडाप्टर मी घेऊन येतो. दुसऱ्या कुणी लावू नये.