उत्तर कारेलियाचा अर्ज

कोर्टकचेऱ्यांत आयुष्याची उमेदीची वर्षे घालविलेल्या आम्हांस अर्ज हा कागद नवा नाही. जमिनीचे, साऱ्याच्या सवलतीचे, रस्त्यापुलांचे, वारसाहक्काचे असे नाना प्रकारचे अर्ज आमच्या हातून लिहिले गेले आहेत. परंतु एका समग्र प्रांताने आपल्या माणसांची हृदये वाचविण्यासाठी सरकारदरबारी अर्ज गुदरावा, असे उदाहरण विरळाच. फिनलंड देशाच्या पूर्वसीमेवरील उत्तर कारेलिया या प्रांतात १९७१ च्या जानेवारीत ते घडले. प्रांताचे गव्हर्नर एसा टिमोनेन, तेथून निवडून गेलेले संसद-सदस्य आणि स्थानिक संस्थांचे प्रतिनिधी यांनी त्या अर्जावर सह्या केल्या. आमच्या प्रांतात हृदयरोगाने कर्ते पुरुष अकाली मरत आहेत, त्यास आळा घालण्याची योजना आखावी व तीस साहाय्य द्यावे, हे त्यातील मागणे होते. या अर्जाची आणि त्यामागोमाग आलेल्या पंचवीस वर्षांची हकीकत आमच्या कुटुंबवत्सल वाचकांपुढे ठेवावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

उत्तर कारेलिया हा अरण्यांचा व सरोवरांचा मुलूख. १९७० च्या सुमारास त्याची लोकसंख्या सुमारे १,८०,००० होती. १९३९ ते १९४४ या काळातील युद्धांत कारेलियाचा मोठा भाग सोव्हिएट रशियाकडे गेला आणि चार लाखांहून अधिक लोकांस घरेदारे सोडून फिनलंडच्या उर्वरित भूमीत येऊन वसावे लागले. सीमेच्या आखणीने माणसांचे काय होते, हे बेळगावकडील वाचकांस वेगळे सांगावयास नको. युद्धोत्तर काळात हलाखी ओसरली, गोठे भरले आणि दूध, लोणी व डुकराचे मांस यांची ताटात रेलचेल झाली. पावावर लोण्याचा जाड थर हे सुबत्तेचे लक्षण ठरले. पालेभाजी हे जनावरांचे खाद्य, अशी पुरुषमंडळींची समजूत होती. मिठाचा हात सढळ होता आणि निम्म्याहून अधिक पुरुष धूम्रपान करीत. रानात लाकूड तोडणारे धट्टेकट्टे गडी, देहाला व्यायाम भरपूर; तरीही चाळिशी-पन्नाशीत छातीवर हात ठेवून ते कोसळत. जो राबतो त्यास काहीही पचते व काहीही बाधत नाही, हा भ्रम आपल्याकडेही आहे. कारेलियाच्या लाकूडतोड्यांनी तो प्राण देऊन खोटा ठरविला.

अर्ज कितीही कळकळीचा असला तरी पुराव्यावाचून तो टिकत नाही. येथे पुरावा आधीच गोळा झाला होता. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावी १९४८ साली ३० ते ६२ वयाच्या ५,२०९ स्त्री-पुरुषांची नोंद घेऊन त्यांच्या प्रकृतीचा वर्षानुवर्षे मागोवा घेण्याचे काम सुरू झाले होते. वाढलेला रक्तदाब, रक्तातील कोलेस्टेरॉल हा स्निग्ध पदार्थ आणि धूम्रपान यांचा हृदयरोगाशी असलेला संबंध त्यातून उजेडात आला. दुसरीकडे अमेरिकन शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी सात देशांतील पुरुषांचा आहार व हृदयरोग यांची तुलना आरंभिली होती. १९५९ साली त्यांच्या पाहणीत पूर्व फिनलंडचा समावेश झाला, आणि तेथील हृदयरोगाचे प्रमाण साऱ्या गटांत सर्वाधिक असल्याचे पुढे दिसून आले. आपलाच प्रांत या दुर्लौकिकात अग्रभागी आहे, हे वृत्त लोकांच्या कानी गेले, आणि त्या लज्जेतून व दुःखातून अर्ज जन्मास आला.

सरकारने तो दप्तरी दाखल करून ठेवला नाही. १९७२ साली ‘उत्तर कारेलिया प्रकल्प’ सुरू झाला आणि त्याची धुरा पेक्का पुस्का या वयाची तिशीही न गाठलेल्या डॉक्टरकडे सोपविण्यात आली. या तरुणाची विचारसरणी आम्हांस विशेष मननीय वाटते. रोगी शोधून त्यांस औषध द्यावे, ही रूढ वाट. परंतु पुस्का व त्यांचे सहकारी म्हणत, हृदयरोगाने मरणारे बहुसंख्य लोक कोणी निराळे रोगी नसतात. चारचौघांसारखे खाणारे-पिणारे सामान्य गृहस्थच असतात. ज्या प्रांतात दहांपैकी जवळजवळ नऊ माणसे पावावर लोणीच फासतात, तेथे एकट्यादुकट्याने संयम पाळून काय होणार? एकट्यास पथ्य सांगणे म्हणजे त्यास पंक्तीतून उठविणे होय. तेव्हा बदलावयाची ती पंक्तीच.

पंक्ती बदलण्याची किल्ली कोणाच्या हाती असते? अर्थात गृहिणीच्या. फिनलंडमध्ये ‘मार्था’ नावाची गृहिणींची जुनी संस्था आहे. १८९९ साली, देश रशियाच्या झारच्या अमलाखाली असताना, लुसीना हागमन या विदुषीच्या पुढाकाराने ती स्थापन झाली. घराघरांत शिक्षण पोहोचविणे हा तिचा मूळ उद्देश; राज्यकर्त्यांस संशय येऊ नये म्हणून बायबलातील कामसू मार्थेचे निरुपद्रवी नाव तिने धारण केले. प्रकल्पाने नवी संस्था न काढता या संस्थेचे साहाय्य मागितले. गावोगावी दुपारचे मेळे भरू लागले. त्यांस ‘दीर्घायुष्याचे मेळे’ असे सुंदर नाव पडले. डॉक्टरमंडळी थोडा वेळ बोलत आणि मग बायका चुलीशी जात. कारेलियाचा पारंपरिक मांसाचा रस्सा त्यांनी टाकून दिला नाही. त्यातील चरबी व मीठ कमी केले, कंदमुळे व भाज्या वाढविल्या आणि तोच रस्सा सर्वांनी मिळून चाखला. पूर्वजांचे पक्वान्न राहिले, प्रमाण तेवढे बदलले. या एका युक्तीत शेकडो व्याख्यानांचे सामर्थ्य होते.

त्याबरोबर इतरही अंगांनी काम झाले. गावातील वजनदार स्त्री-पुरुष निवडून त्यांस शिकविले, म्हणजे डॉक्टरचे शब्द शेजाऱ्याच्या तोंडून पोहोचू लागले. परिचारिका रक्तदाब तपासून त्याची नोंद ठेवू लागल्या. दुकाने व कचेऱ्या यांनी, कायद्याची वाट न पाहता, ‘येथे धूम्रपान करू नये, आम्ही प्रकल्पात आहोत’ अशा आशयाच्या पाट्या लावल्या. पुढे गावागावांत कोलेस्टेरॉल उतरविण्याच्या चढाओढी लागल्या. विरोधही झाला. ज्यांचा संसार दुधालोण्यावर चाले ते शेतकरी अस्वस्थ झाले, आणि त्यांचे म्हणणे निराधार नव्हते. पोटावर पाय देऊन हृदय वाचविता येत नाही. म्हणून १९८० नंतरच्या दशकात त्यांस बेरी या फळांच्या लागवडीकडे वळविण्याचा निराळा उपक्रम हाती घेण्यात आला. लोण्याची जागा हळूहळू वनस्पतिज तेलांनी, विशेषतः मोहरीच्या कुळातील रेपसीड तेलाने घेतली.

कायदा आला तो या सर्वांच्या मागून. १९७६ साली फिनलंडने तंबाखूविषयक कायदा संमत केला व त्यान्वये तंबाखूच्या जाहिरातींस बंदी झाली. आमच्या व्यवसायाचा अभिमान बाजूस ठेवून सांगितले पाहिजे की, ज्या कायद्यास लोकांच्या सवयीचा आधार लाभतो तोच अमलात येतो. आपल्याकडे कायद्याची उणीव नाही. गोव्याने धूम्रपान व थुंकणे यांस प्रतिबंध करणारा कायदा १९९७ साली केला. सर्वोच्च न्यायालयाने मुरली देवरा यांच्या अर्जावर २००१ साली सार्वजनिक स्थळी धूम्रपानास मनाई केली, आणि २००३ साली केंद्राचा तंबाखू नियंत्रण कायदा आला. वनस्पती तूप व तत्सम पदार्थांतील घातक ट्रान्स मेदाचे प्रमाण २०२२ च्या आरंभापासून दोन टक्क्यांवर मर्यादित झाले. परंतु कढईत उरलेले तेच तेल पुनःपुन्हा तापविणारा हात कोणता कायदा धरणार? तो घरच्यांनीच धरावा लागतो.

आता फलश्रुति. प्रकल्पापूर्वी उत्तर कारेलियात ३५ ते ६४ वयाच्या दर लाख पुरुषांमागे प्रतिवर्षी सुमारे ६७० पुरुष हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने मरत. १९९५ पर्यंत हे प्रमाण ७३ टक्क्यांनी उतरले. पुढे २००६ च्या सुमारास ते शंभराच्या आसपास आले. प्रकल्प १९९७ साली समाप्त झाला, परंतु त्यापूर्वीच त्याची पद्धत साऱ्या देशाने स्वीकारली होती. उलटतपासणी घेणारा येथे एक प्रश्न विचारील, व तो विचारणे रास्तच आहे. तुलनेसाठी घेतलेल्या शेजारच्या कुओपिओ प्रांतातही मृत्यू घटले, मग श्रेय प्रकल्पाचे कसे? या मुद्द्यावर तज्ज्ञांत वाद झाला आहे. वृत्तपत्रे व आकाशवाणी प्रांताची सीमा ओळखत नाहीत, उत्तर कारेलियाची वार्ता शेजाऱ्यांनीही ऐकली, हे एक उत्तर. औषधोपचार सर्वत्र सुधारले, हे दुसरे. श्रेयाची वाटणी कशीही होवो, खाण्यापिण्याच्या रीती बदलल्या व लोक जगले, हे निर्विवाद आहे.

हा परक्या देशाचा इतिहास आम्ही येथे का सांगतो? कारण आपलाही खटला उभा आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ या ५२ देशांच्या पाहणीतून पुढे असे निष्पन्न झाले की, दक्षिण आशियातील माणसास पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, तर इतरत्र सुमारे ५९ व्या वर्षी. ही सहा वर्षे म्हणजे मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, घराचे कर्ज. याचे कारण ललाटलेख नव्हे. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, पोटाचा घेर ही कारणे आपल्या माणसांस कमी वयातच गाठतात, हेच त्यामागचे मुख्य कारण असल्याचे अभ्यासकांस आढळले. जे लवकर येते ते लवकर तपासता येते. तिशीनंतर रक्तदाब व साखर यांची वेळोवेळी तपासणी करणे, दिवसाचे मीठ माणशी पाच ग्रॅमच्या, म्हणजे एका लहान चमच्याच्या आत राखणे, आणि आठवड्यातून किमान दीडशे मिनिटे झपझप चालणे, यांत अवघड असे काय आहे? छातीत दडपण येऊन घाम सुटला, कळ हाताकडे वा जबड्याकडे गेली, तर ‘वात झाला असेल’ म्हणून ओवा चघळीत बसू नये. रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

मार्थांसारखी संस्था आपल्याकडे नाही, असे कोणी म्हणेल. ते आम्हांस मान्य नाही. गोव्यातील देवस्थानांचे महाजन १९३३ च्या नियमनाखाली सभा भरवितात, हिशेब ठेवितात, ठराव करितात. बेळगावपासून बडोद्या-इंदूरपर्यंत भजनी मंडळे, महिला मंडळे व सप्ताहाच्या समित्या नांदत आहेत. जेथे शेकडो माणसे एका पंक्तीस बसतात तेथेच पंक्ती बदलण्याचा अधिकारही असतो. महाप्रसादातील नारळ व गूळ काढून टाका, असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. कारेलियाच्या बायकांनी आपला रस्सा टाकला नव्हता. परंतु तळणीचे पदार्थ तीनऐवजी एक असावा, तेल दुसऱ्यांदा वापरू नये, पानात डाळ, उसळ व पालेभाजी अधिक वाढावी, मीठ-लोणचे मागणाऱ्यासच द्यावे, आणि देवळाच्या आवारात विडी-सिगारेट व तंबाखू यांस मज्जाव असावा, एवढा ठराव येत्या वार्षिक सभेपुढे कोणीही सभासद मांडू शकेल. उत्सवाच्या दिवशी एका ओसरीवर रक्तदाब मोजण्याचे यंत्र घेऊन परिचारिका बसली, तर देवदर्शनास आलेला संकोची गृहस्थही दंड पुढे करील.

ठराव मांडणारा मात्र पुरुषच असावा, असा आग्रह नसावा. ज्या हातांनी कारेलियाचे ताट बदलले, त्या हातांचे मत आपल्या सभेतही आधी विचारले जावे, आणि स्वयंपाकघरात त्याची सुरुवात आजच्या रात्रीच्या भाजीत अर्धा चमचा मीठ कमी घालून व्हावी.