घरमालक, भाडेकरू आणि कोर्टाची पायरी

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण ऐकतच आपण वाढलो. मुंबई-पुण्याकडे घरमालक-भाडेकरूंच्या बाबतीत ती पुरेपूर खरी ठरली. आजोबांनी लावलेल्या दाव्याचा निकाल नातवाने ऐकला, अशी उदाहरणे पुष्कळांना ठाऊक असतील. आपल्यापैकी काहींचे तिकडचे फ्लॅट वर्षानुवर्षे कुलूपबंद राहतात, त्यामागेही हीच भीती आहे. ती आली कोठून, याचा थोडा इतिहास आम्ही येथे देत आहोत.

मुंबईत भाड्यांवर नियंत्रण पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ साली आले. दुसऱ्या महायुद्धात शहरांत जागेची टंचाई वाढली. पुढे १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा १३ फेब्रुवारी १९४८ पासून लागू झाला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच ‘प्रमाण भाडे’ ठरले; जागा त्यानंतर प्रथमच भाड्याने दिली असेल, तर ते पहिले भाडे. तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढ मिळत मिळत पन्नास वर्षांहून अधिक टिकला.

कायद्यामागचा हेतू वाईट नव्हता. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या आई-वडिलांनी चाळीतल्या वा वाड्यातल्या भाड्याच्या दोन खोल्यांतच संसार केला आणि मुलांना शिकवले. मालकाच्या मर्जीने रातोरात बाहेर पडावे लागणार नाही, हा भरवसा त्यांना याच कायद्याने दिला. पण गोठलेल्या भाड्यात मालकाला डागडुजी परवडेना. वाडे-चाळी मोडकळीस आल्या. जागा परत हवी तर कोर्ट हाच मार्ग उरला.

तो मार्ग कसा होता? मुंबईत हे दावे धोबीतलावच्या स्मॉल कॉजेस कोर्टात चालत. थकबाकीसाठी आधी एक महिन्याची नोटीस. स्वतःसाठी जागा हवी असेल तर गरज खरी असल्याचे सिद्ध करायचे. शिवाय जागा न मिळाल्याने मालकाची अडचण मोठी की जागा गेल्याने भाडेकरूची, हेही कोर्ट तोलून पाहणार. मग समन्स, कैफियत, मुद्दे, साक्षी, उलटतपासणी, युक्तिवाद. निकालानंतर त्याच कोर्टातल्या दोन न्यायाधीशांपुढे अपील, पुढे उच्च न्यायालय, कधी दिल्लीपर्यंत. वाटेत पक्षकार वारला तर नव्वद दिवसांत वारसांची नावे लावायची. सगळीकडे जिंकल्यावरही भाडेकरू निघाला नाही, तर ताब्यासाठी दरखास्त वेगळी. भाडे १९४० चे असल्यावर ज्याच्या ताब्यात जागा, त्याला घाई कशाला असेल? तारखेवर तारीख पडणे हाच त्याचा फायदा.

यातून सुटका म्हणून मालक ‘लीव्ह अँड लायसन्स’ कराराने जागा देऊ लागले. पण १९७३ च्या दुरुस्तीने, त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला चालू लायसन्सवर राहत असलेल्यांना भाडेकरू मानले. अकरा महिन्यांसाठी आलेला माणूस कायमचा झाला. ही धास्ती पुढच्या पिढीपर्यंत पोहोचली.

१९ डिसेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, भाडे असे गोठवून ठेवणे आता अवाजवी झाले आहे. त्यानंतर आलेला १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने जुन्या भाडेकरूंचे संरक्षण ठेवले, पण दर वर्षी ४ टक्के वाढीची मुभा दिली. लायसन्सची मुदत संपल्यावर मालकाला कोर्टाऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी मागितली नाही, तर राहणाऱ्याविरुद्ध हुकूम होऊ शकतो. मुदतीनंतर राहिल्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची.

परदेशी राहणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. इथे केलेले मुखत्यारपत्र भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत तिथला स्टॅम्प लागतो. दुसरे म्हणजे, ‘मला जागा हवी आहे’ ही साक्ष सहसा मालकानेच द्यावी लागते. मात्र परदेशातल्या मुलाचे सगळे व्यवहार आई किंवा वडीलच पाहत असतील, तर त्यांची साक्ष चालू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केले. तेव्हा मुखत्यार कोणाला करायचे हे नुसत्या सोयीने ठरवू नये.

प्रत्येकाचे प्रकरण वेगळे असते. वकिलाचा सल्ला घ्यावाच. पण १९७३ च्या भीतीने आज घर बंद ठेवण्याचे कारण नाही. आधी नोंदणी, मग किल्ली, एवढे पाळले तर आपले घरही सुरक्षित राहील आणि तिकडे जागा शोधत फिरणाऱ्या एखाद्या कुटुंबाला, एके काळी आपल्या आई-वडिलांना मिळाला तसा, आसराही मिळेल.