‘रनटेस्ट’ ते ‘इन्स्टॉलचेक’ : एका हुकुमाचे नामांतर

संगणकाच्या आज्ञावल्या रचणाऱ्यांच्या व्यवसायात जे शिरस्ते कोणत्याही फर्मानावाचून रूढ झाले आणि पुढे निमूटपणे पाळले गेले, त्यांपैकी, तयार झालेल्या आज्ञावलीची तपासणी कोणत्या नावाच्या हुकुमाने करावयाची, हा शिरस्ता इतिहास लिहिणाराच्या दृष्टीतून सहसा निसटतो. हुकूम एका-दोन शब्दांचा; तो टंकित करावयास क्षणभरही लागत नाही. परंतु ज्यांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नाही अशा शेकडो माणसांच्या कारभारात तो शब्द गृहीत धरलेला असतो, आणि म्हणूनच तो बदलण्याचा प्रसंग आला की त्या प्रकल्पाचे कारभारी परक्या माणसाची किती काळजी वाहतात, हे जितके स्पष्ट दिसते तितके अन्य कोठे क्वचितच दिसत असेल.

या रिवाजाचा उगम १९७६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी घडविलेल्या ‘मेक’ या साधनात आहे. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांनी आपल्या आज्ञावलीतील चूक दुरुस्त केलेली असूनही बदललेल्या भागाचे संकलन नव्याने झालेले नव्हते, आणि त्यामुळे निर्दोष मजकुरात दोष शोधण्यात त्यांची एक संपूर्ण सकाळ खर्ची पडली. कोणता भाग बदलला आणि त्यामुळे काय पुन्हा बांधले पाहिजे याचा हिशेब यंत्रानेच ठेवावा, ही कल्पना फेल्डमन यांना त्यावरून सुचली. ‘मेकफाइल’ नामक दस्तऐवजात प्रत्येक कामाला एक नाव द्यावयाचे, त्याखाली करावयाच्या कृती लिहावयाच्या, आणि कृतींच्या प्रत्येक ओळीचा आरंभ ‘टॅब’ या अदृश्य चिन्हाने करावयाचा, अशी ती व्यवस्था होती. हे अदृश्य चिन्ह गैरसोयीचे आहे हे फेल्डमन यांच्या लवकरच ध्यानात आले. परंतु तोवर सुमारे डझनभर माणसे ते साधन वापरू लागली होती, आणि त्यांची घडी मोडू नये म्हणून त्यांनी ते तसेच राहू दिले. या निर्णयाचा पुढे पुष्कळ उपहास झाला. मला मात्र त्यात एक सौजन्य दिसते, आणि पुढील कथेत त्याचाच प्रत्यय येतो.

‘मेक’ने तपासणीसाठी कोणतेही नाव राखून ठेवलेले नव्हते, आणि त्यामुळे दोन वहिवाटी पडल्या. लॅरी वॉल यांच्या १९८७ मधील ‘पर्ल’ भाषेच्या गोतावळ्यात ‘मेक टेस्ट’ रूढ झाले. रिचर्ड स्टॉलमन यांच्या जीएनयू प्रकल्पाने आपल्या लेखन-नियमांत ‘मेक चेक’ हे नाव ग्राह्य धरले. जीएनयूच्या नियमांनी याहून महत्त्वाची एक गोष्ट केली, ती अशी की तपासणीचे दोन प्रकार मानून त्यांना दोन नावे दिली : आज्ञावली बांधलेली आहे पण यंत्रावर प्रस्थापित झालेली नाही, अशा अवस्थेत चालणारी ती ‘चेक’, आणि प्रस्थापित झाल्यानंतरच करता येणारी ती ‘इन्स्टॉलचेक’. प्रत्यक्ष कारभारात या भेदाला किती मोल आहे, हे पोस्टग्रेसक्यूएल या माहितीसंचय-व्यवस्थेच्या उदाहरणावरून उत्तम कळते.

पोस्टग्रेसक्यूएल हे स्वतःच नामांतरांतून गेलेले आहे. बर्कली येथील विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली १९८६ च्या सुमारास सुरू झालेले ‘पोस्टग्रेस’, अँड्र्यू यू आणि जॉली चेन यांनी एसक्यूएल भाषेची जोड दिल्यावर ‘पोस्टग्रेस९५’ झाले, आणि १९९६ साली त्याने आजचे नाव धारण केले. तपासणीच्या संहिताही मूळच्या याच दोघांच्या. मार्क फोर्निए आणि थॉमस लॉकहार्ट यांनी पुढे त्यांची विस्तृत फेररचना केली. तपासणीची रीत मोठी प्रांजळ आहे. प्रश्नांची एक संहिता माहितीसंचयापुढे ठेवावयाची, त्याने दिलेली उत्तरे एका दप्तरात उतरवून घ्यावयाची, आणि पूर्वी मान्य झालेल्या अपेक्षित उत्तरांशी ती ओळीस ओळ लावून पाहावयाची. जेथे फरक पडेल तेथे तो फरक वेगळ्या दस्तऐवजात नोंदला जातो, आणि तो दोष आहे की यंत्रायंत्रांतील निरुपद्रवी भिन्नता आहे, याचा निवाडा माणसाने करावयाचा.

इसवी सन २००० मध्ये निघालेल्या ७.० या आवृत्तीपर्यंत ही तपासणी दोन हुकुमांनी होत असे : ‘रनटेस्ट’ आणि ‘रनचेक’. पहिला हुकूम आधीच प्रस्थापित होऊन चालू असलेल्या माहितीसंचयावर एकामागून एक संहिता चालवी. दुसरा स्वतःपुरती एक तात्पुरती स्थापना उभारून तिच्यावर अनेक संहिता एकाच वेळी सोडी. हे दोन व्यवहार परस्परांपासून अत्यंत भिन्न होते. चालू माहितीसंचयावरील तपासणी ‘रिग्रेशन’ नावाचा संचय तेथे नव्याने निर्माण करते, आणि त्या नावाचा एखादा आधीच असल्यास तो पुसून टाकते. उलट समांतर तपासणीत वीस संहिता एकसमयी चालून वापरणाराच्या नावावर साठ प्रक्रिया उभ्या राहत, आणि यंत्राने घातलेली मर्यादा त्याहून कमी असली तर तपासणी निष्कारण फसे. इतका भेद असूनही ‘रनटेस्ट’ आणि ‘रनचेक’ या दोन नावांतून, कोणत्या हुकुमाला आधी काय सिद्ध असावे लागते, याचा काडीइतकाही बोध होत नसे. ज्याला पाठ होते त्याला होते. नवख्याला मार्गदर्शिका उघडावीच लागे.

२००१ सालच्या ७.१ या आवृत्तीत बांधणीची व्यवस्था जीएनयूच्या नियमांच्या जवळ आणली गेली आणि हे हुकूम ‘चेक’ व ‘इन्स्टॉलचेक’ झाले. केवळ दुसऱ्यांचे अनुकरण म्हणून या नामांतराची बोळवण करणे अन्यायाचे होईल. कारण नव्या नावाने कामाची पूर्वअट उघड केली, आणि अन्य जीएनयू आज्ञावल्या हाताळलेल्या माणसाला या परक्या मुलुखातही वाट विचारावी लागली नाही. परंतु मला याहून आदरणीय वाटते ती वेगळीच तजवीज. तपासणीच्या मेकफाइलमध्ये, ‘जुने हुकूम पुढीलप्रमाणे’ अशा आशयाच्या एका टिपेखाली, ‘रनचेक’ म्हणजे ‘चेक’ आणि ‘रनटेस्ट’ म्हणजे ‘इन्स्टॉलचेक’ अशा ओळी ठेवण्यात आल्या, आणि त्या तेथे दीर्घकाळ नांदल्या. गावाचे नाव बदलले तरी जुन्या नावाने आलेले पत्र टपालवाला परत धाडीत नाही, तसेच हे. खर्च दोन-तीन ओळींचा. आणि तेवढ्याने, ज्याच्या स्वयंचलित संहितेत जुना शब्द लिहून ठेवलेला होता, त्याची गैरसोय टळली.

असे परके किती असतात याची कल्पना डेबियनच्या कारभारावरून येते. हजारो आज्ञावल्यांची गाठोडी बांधणारी ती संस्था प्रत्येक प्रकल्पाला पत्र धाडून त्याचा तपासणीचा हुकूम विचारू शकत नाही. म्हणून तिच्या बांधणी-साधनांतील एक संहिता मेकफाइलमध्ये प्रथम ‘टेस्ट’ हे नाव धुंडाळते, ते न सापडल्यास ‘चेक’ पाहते, आणि जे आढळेल ते चालविते. दोन्ही वहिवाटी अशा रीतीने एकाच दप्तरात दाखल झालेल्या आहेत. प्रकल्पाने तिसरेच नाव योजले, तर ती तपासणी न होताच गाठोडे बांधले जाण्याची भीती, आणि त्याचा बोभाटाही होत नाही.

पायथन भाषेच्या प्रदेशात हुकूम बदलण्याची उजवी आणि डावी अशी दोन्ही उदाहरणे आहेत. २०१६ साली ‘पायटेस्ट’ या तपासणी-साधनाच्या ३.० आवृत्तीने आपल्या हुकुमाच्या नावामधले टिंब गाळले, पण टिंबासहितचा जुना हुकूमही चालू ठेवला, आणि त्या बदलाची फारशी झळ कोणाला लागली नाही. याउलट ‘सेटअपटूल्स’ या बांधणी-साधनाने आपला ‘टेस्ट’ हुकूम २०१९ पासून त्याज्य म्हणून जाहीर केला आणि जुलै २०२४ मधील ७२.० आवृत्तीत तो समूळ काढला. पाच वर्षांची सूचना काही थोडी नव्हे. तरीही अनेक जुन्या आज्ञावल्यांच्या स्थापनेच्या संहितेतच त्या हुकुमाचा नामोल्लेख असल्यामुळे, ज्यांनी आयुष्यात कधी तपासणी केली नव्हती त्यांच्याकडेही स्थापना कोसळू लागली, आणि लागलीच ७२.१ काढून हुकूम पुनःस्थापित करावा लागला. कारभाऱ्यांचा हेतू शुद्ध होता, मुदतही उदार होती. परंतु सूचना वाचणारा आणि फटका बसणारा यांत अनेक मध्यस्थ असतात, आणि ती सूचना त्या टोकापर्यंत पोचली नाही.

पोस्टग्रेसक्यूएलने २०२३ सालच्या १६ व्या आवृत्तीपासून ‘मेक’च्या जोडीला ‘मेसन’ ही नवी बांधणी-व्यवस्था स्वीकारली आहे. तीत हुकुमाचे नाव प्रकल्पाने ठरवावयाचे नसते. ‘मेसन टेस्ट’ हे सर्वांना सारखेच. तात्पुरती स्थापना आणि चालू स्थापना यांतील भेद तेथे ‘रनिंग’ नावाच्या एका विकल्पात जाऊन बसला आहे. ‘मेक चेक’ आणि ‘मेक इन्स्टॉलचेक’ मात्र त्या आवृत्तीत जुन्या व्यवस्थेसह पूर्ववत चालू ठेवण्यात आले.